अंडं शे का दगड?

खानदेशात विहीर खणताना पाणी लागेल याची खात्री कुणी देत नाही. अंडं मात्र हमखास लागतं. पंचवीस-तीस फुटांवर पहार खणकन वाजते, मुरमातून गोल गरगरीत काहीतरी बाहेर येतं, आणि काठावर जमलेल्या मंडळींत जो सगळ्यात कमी काम करत असतो तो जाहीर करतो, "अंडं शे!" कुणाचं, हा प्रश्न येतच नाही. एवढं मोठं अंडं कोंबडीचं नाही, म्हणजे ते डायनासोरचं. मधला कुठलाही प्राणी उमेदवारी अर्ज भरत नाही.

सकाळी अमळनेर तालुक्यात निघालेलं हे अंडं दुपारी पारोळ्याला पोहोचेपर्यंत दोन झालेलं असतं. संध्याकाळी धुळ्याच्या पाचकंदीलला त्यातलं एक हललेलं असतं. रात्री जळगावात कुणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टी चालू असते, तिथे कळण्याची भाकरी मोडता मोडता पक्की खबर लागते की दिल्लीहून शास्त्रज्ञ आले, अंडं गोणीत घालून घेऊन गेले, आणि सरकार हे दाबून ठेवतंय. सरकारला ते का दाबायचं असेल, हे विचारणाऱ्याला पुढच्या पार्टीचं निमंत्रण जात नाही.

त्या गोळ्याची खरी ओळख सांगितली की लोक दुखावतात. पण सांगायला हवी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्याच्यावर पुन्हा वाहिला, असं कितीतरी वेळा झालं. लळिंगचा किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे तो, अजिंठ्याची लेणी ज्यात कोरली तो कातळ, आणि तुमच्या विहिरीतला काळा पाषाण हे सगळे एकाच घराण्यातले. हा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, थंड होताना त्याला आडव्याउभ्या भेगा पडतात. भेगांत पाणी शिरतं, ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात, कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे सुटतात आणि आत टणक, गुळगुळीत गाभा उरतो. तो हातात घेतला की जड लागतो, आकार नेमका अंड्याचा असतो, आणि टरफलासारखा पापुद्राही असतो. निसर्गाने जाणूनबुजून फसवायचं ठरवलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं.

काही गोळे फोडले तर आतून पोकळ निघतात आणि पोकळीत स्फटिक चमकतात. हे लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांत नंतर पाण्याने भरलेले झिओलाइट आणि त्यांचे सोबती. सावद्याकडच्या खाणींतले हिरवट अपोफिलाइट आणि गुलाबी स्टिलबाइट जगभरच्या संग्राहकांच्या कपाटात 'जळगाव' अशी चिठ्ठी लावून बसलेले आहेत. म्हणजे आपण ज्याला अंडं समजून देव्हाऱ्यात ठेवतो, त्याला परदेशातला माणूस दगड समजून पैसे मोजतो. व्यवहार कुणाला कळला, हे वाचकांनी ठरवावं.

लाव्हात हाड टिकत नाही. हाड टिकतं गाळात. लाव्हा येण्याच्या सुमारास नद्या-तळ्यांनी जो गाळ साचवला त्याच्या खडकांना जबलपूरजवळच्या लॅमेटा घाटावरून लॅमेटा म्हणतात, आणि आपले डायनासोर बहुतेक त्यातूनच आलेत. जबलपूरला १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना हाडं मिळाली. आशियातली ती पहिली. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात मिळाली, गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीत मिळाली, धार जिल्ह्यात मिळाली. खानदेशाच्या पूर्वेला डायनासोर, उत्तरेला डायनासोर, पश्चिमेला डायनासोर, आणि मधे आपण लाव्हावर मांडी घालून बसलेलो. अशा माणसाला शेजाऱ्याच्या घरातली भांडणं जशी जास्त तपशीलवार माहीत असतात, तशी आपल्याला डायनासोरची माहिती.

खानदेशी माणूस वजनाच्या बाबतीत एरवी कुणाच्या बापाला ऐकत नाही. कापूस जिनिंगवर नेला की तो आधी काट्याकडे बघतो, मग काटा करणाऱ्याकडे. रावेरचा केळीवाला घडाच्या दांड्याचं वजन कुणी किती धरलं हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. बैल बाजारात उभा असला तर दात बघितल्याशिवाय वयावर विश्वास नाही. पण हाच माणूस 'हा डायनासोर शंभर टनांचा होता' हे वाक्य ऐकून मान डोलावतो. कुठल्या काट्यावर? कुणी केला? दांडा धरून की सोडून? एक शब्द नाही!

आणि डायनासोरच्या वजनाची गोष्ट तर अशी आहे की आमच्या बाजार समितीत एकही दिवस खपली नसती. तमिळनाडूत कल्लमेडू इथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या यादगिरी आणि अय्यासामी यांना अवाढव्य हाडं मिळाली. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी त्या प्राण्याला ब्रुहथकायोसॉरस हे नाव दिलं, आणि तो मांसाहारी असल्याचं लिहिलं. पुढे इतरांनी पाहिलं आणि म्हटलं, हा तर लांब मानेचा शाकाहारी. काहींना शंका आली की हे हाडच नाही, दगड झालेलं लाकूड आहे. नडगीचं हाड २ मीटर लांब सांगितलं होतं. तपासायला गेले तर ती हाडं दमट हवेत भुगा होऊन गेलेली. मग अलीकडे जुने फोटो पुन्हा प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्या आधारावर २०२३ मध्ये दोन संशोधकांनी वजनाचा अंदाज मांडला: ११० ते १७० टन. माल गोदामात नाही, पावती धूसर, वजनात ६० टनांची तफावत. आमच्याकडे क्विंटलमागे दोन किलो कापले तर रस्ता रोको होतो.

पण त्या संशोधकांना नावं ठेवू नयेत. त्यांनी निदान ११० ते १७० असं लिहिलं. 'ते' हा शब्द ठेवला. डायनासोरबद्दल बोलणाऱ्या कुणाचीही पारख करायची असेल तर मी हा 'ते' शोधतो. उरलेल्या हाडावरून वजन काढायची रीतच अशी आहे की एकच आकडा निघू शकत नाही. चार पायांच्या प्राण्याच्या दंडाच्या आणि मांडीच्या हाडाचा घेर मोजतात, कारण वजन त्या खांबांवरच उभं असतं. हत्ती-गेंड्यांच्या घेराशी ताडून गणित मांडतात. किंवा संगणकावर सांगाडा उभा करून त्यावर मांस चढवतात, आणि किती चढवायचं हे चढवणाऱ्याच्या हातावर असतं. लांब मानेच्या डायनासोरांच्या मणक्यांत हवेच्या पोकळ्या होत्या, पक्ष्यांच्या हाडांत असतात तशा. त्या किती धरल्या यावर काही टन इकडचे तिकडे होतात. आता आमच्या गावातला जाणकार बघा. तो सांगतो, "बरोब्बर साठ टन." बरोब्बर म्हटलं की मी पिशवी उचलतो.

राजासॉरसचं उदाहरण तर मला फार आवडतं, कारण तो आपल्या डोळ्यांदेखत रोडावला. रैयोलीत १९८० च्या दशकात सापडलेली हाडं, २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस म्हणून बारसं. मेंदूची कवटी, डोक्यावर एक आखूड शिंग, पाठकणा, कमरेची नि मागच्या पायाची हाडं एवढी मालमत्ता. सुरुवातीला वर्तमानपत्रांनी त्याला ९ मीटरपर्यंत नेलं. नंतर त्याच्या गोत्रातल्या, जास्त पूर्ण सापडलेल्या भाऊबंदांशी ताडून पाहिलं तेव्हा तो साडेसहा मीटरच्या आसपास आला. या बातमीचा मथळा मी कुठे पाहिला नाही. डायनासोर वाढला तर पहिल्या पानावर येतो, घटला तर कुठेच येत नाही. आमच्याकडच्या धरणाच्या पाणीसाठ्याच्या बातम्यांचं याच्या नेमकं उलट असतं.

शरीररचनेबाबत महामार्गावरच्या बागांमध्ये आणि ढाब्यांच्या अंगणात उभे असलेले सिमेंटचे डायनासोर हेच आमचं विद्यापीठ. ते सगळे हिरवे असतात. टी. रेक्स दोन पायांवर ताठ उभा असतो आणि शेपटी जमिनीला टेकवून त्यावर रेललेला असतो. शास्त्रज्ञांनी ही शेपटी केव्हाच उचलली. पाठ आडवी, शेपटी मागे ताठ, डोकं पुढे, असा तो तोल सांभाळत चालायचा. पण बागेतली शेपटी उचलायची तर ठेकेदाराला आत जास्त लोखंड घालावं लागतं, त्यामुळे या बाबतीत विज्ञानाला फारसं भवितव्य नाही. १९९३ च्या सिनेमातला वेलोसिरॅप्टर माणसाएवढा दिसतो. मंगोलियात मिळालेला खरा वेलोसिरॅप्टर टर्की कोंबड्याच्या अंगलटीचा, आणि हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा असलेला. धुळ्याच्या बाजारात तो उतरला असता तर लोक पळाले नसते, भाव विचारला असता.

आहाराच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राला जगात मान आहे, आणि तो शेणामुळे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे दगड झालेली विष्ठा मिळते, चांगली मुठीत न मावणारी. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा भुगा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात गवताच्या पेशींतले वाळूचे कण मिळाले. गवत आपल्या पानांत सिलिका साठवतं, पान कुजलं तरी तो कण टिकतो, आणि त्याच्या आकारावरून गवताची जात ओळखता येते. तोवर पुस्तकांत पक्कं लिहिलेलं होतं की डायनासोर असेपर्यंत पृथ्वीवर चरण्याजोगं गवत नव्हतंच. हे वाक्य पिसदुऱ्याच्या शेणात बुडालं. पुढे तर भाताच्या गोतावळ्यातल्या गवतांच्या खुणाही त्यात दाखवल्या गेल्या. सोबत ताडामाडाची आणि सूचिपर्णी झाडांचीही पानं होती, म्हणजे खाण्यात निवड फारशी नव्हती.

ही पद्धत ऐकून आमच्या मावशीला काडीचं आश्चर्य वाटलं नाही. गोठ्यात पाऊल टाकताच शेणाकडे बघून म्हैस काल कुणाच्या बांधावर चरली हे ती सांगते, आणि त्यावरून भांडायलाही जाते. तिने मला एकच प्रश्न विचारला. "पण ते शेण त्याच जनावरचं, हे त्यांनी कसं ठरवलं? दुसऱ्याची गुरंबी येतातच ना." एखाद्या परीक्षकाने विचारावा असा प्रश्न. उत्तर असं की त्याच थरांत टायटनोसॉर गटाच्या शाकाहारी डायनासोरांची हाडं मिळतात आणि एवढ्या मापाचं शेण घालायला दुसरा दावेदार कठीण. पण शेण घालताना कुणी पाहिलं नाही, म्हणून संशोधकही ते बहुधा टायटनोसॉरांचं, असंच म्हणतात. 'बहुधा' हा त्या 'ते'चा सख्खा भाऊ.

कोण कुणाला खायचं, याबद्दलही आपल्याकडच्या एका माणसाची गोष्ट सांगायला हवी. नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात गुजरातेत ढोली डुंगरीला अंडी आणि जवळ बारीक हाडं मिळाली. अंड्याशेजारची हाडं म्हणजे पिल्लाची, असं त्यांनी लिहिलं. कुणीही लिहिलं असतं. २००१ मध्ये जेफ विल्सन या अमेरिकी संशोधकाने तोच दगड पाहिला आणि त्याला त्यात सापाचे मणके दिसले. साडेतीन मीटरचा साप अंड्याभोवती वेटोळं घालून, पुढ्यात नुकतं बाहेर आलेलं पिल्लू. दोघांनी आणि इतरांनी मिळून २०१० मध्ये तो सनाजेह इंडिकस या नावाने जगापुढे ठेवला. आपल्या जुन्या लेखावर स्वतःच्या सहीने दुरुस्ती करणारा माणूस मी ग्रामपंचायतीत पाहिलेला नाही, म्हणून मला ही गोष्ट सापापेक्षा जास्त अद्भुत वाटते.

बिरुदाला भुलून चालत नाही, हे मात्र खरं. चंदिगढच्या पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता वर्षानुवर्षं हिमालयातून जीवाश्म मिळाल्याचे शोधनिबंध छापत राहिले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलंट यांनी दाखवून दिलं की त्यांतले काही नग भलत्याच देशांतले आहेत. मोरोक्कोचा माल, हिमालयाचं लेबल. २०२१ मध्ये भीमबेटकाच्या गुहेच्या छतावर ५५ कोटी वर्षांपूर्वीचा डिकिन्सोनिया हा जीव सापडल्याचं नामवंत मंडळींनी जाहीर केलं. दुसऱ्या गटाने जाऊन पाहिलं तर तो निखळून पडत होता. ते मधमाश्यांचं जुनं पोळं निघालं. मूळच्या लेखकांनी ते मान्य केलं, ही त्यातली शोभेची बाजू. सातपुड्यातल्या कुठल्याही मध काढणाऱ्या पोराला आधी विचारलं असतं तर ५५ कोटी वर्षं वाचली असती. आणि तमिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यात २०२० मध्ये तळं खोदताना निघालेली 'डायनासोरची अंडी' देशभर फिरली. भूवैज्ञानिकांनी जाऊन सांगितलं, हे समुद्री अमोनाइटांभोवती साकळलेले गोळे. तिथल्या तळ्याकाठीही एक काम न करणारा गृहस्थ असणार.

आता कुणी म्हणेल, मग हौशी माणसाने तोंडच उघडू नये का? उघडावं की! धुळ्याहून आग्रा रोडने निघा, शिरपूर मागे टाका, पळासनेरला महाराष्ट्र संपतो, बिजासनचा घाट चढून सेंधवा, मग नर्मदा, आणि डावीकडे मनावर. तिथले विशाल वर्मा हे शाळेत शिकवणारे मास्तर. सुट्टीच्या दिवशी नाल्यांतून हिंडून २००७ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बाग-कुक्षीच्या परिसरात डायनासोरच्या अंड्यांची घरटी शोधली. फरक कुठे पडला बघा. त्यांनी अंडं गोणीत घातलं नाही. जागा नोंदवली, कोणत्या थरात आहे ते लिहिलं, दिल्ली विद्यापीठाच्या लोकांना नेऊन दाखवलं, आणि टरफलाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली जाऊ दिला. खऱ्या टरफलाला ठरावीक जाडी असते, त्यात हवा जायला छिद्रं असतात, आणि कॅल्साइटचे स्फटिक ठरावीक रीतीने वाढलेले दिसतात. बेसॉल्टचा गोळा इथे पहिल्याच वर्गात नापास होतो. २०२३ च्या शोधनिबंधात धार भागातली ९२ घरटी आणि २५६ अंडी आली, हर्षा धीमान आणि गुंटुपल्ली प्रसाद यांच्याबरोबर लेखकांत या मास्तरांचंही नाव आहे. अंडी १५ ते १७ सेंटिमीटरची. घरटी इतकी खेटून होती की आईला मधे उभं राहायलाही जागा नव्हती, त्यामुळे ती अंडी घालून निघून जात असावी असा त्यांचा निष्कर्ष. 'असावी' इथेही आहे, बघून घ्या.

त्याच भागातल्या पाडल्या गावात शेतकरी असे गोळे काकड भैरव म्हणून शेताच्या राखणीला बसवत आले होते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या तज्ज्ञांनी त्यातले काही डायनासोरची अंडी असल्याचं सांगितलं, अशी बातमी डिसेंबर २०२३ मध्ये आली. खानदेशात हे वाचून अनेकांच्या छातीत कळ आली. तिकडे खऱ्या अंड्याला देव समजून नारळ फोडतात आणि इकडे आपण दगडाला अंडं समजून फोटो काढतो.

पण आपणही अगदी कोरडे नाही. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीजवळ पाटणे इथे पुरातत्त्व खात्याच्या एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्खनन केलं, आणि त्यात मिळाली शहामृगाच्या अंड्याची कवचं. त्यांचे मणी केलेले होते, एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली होती. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे जळगाव जिल्ह्यात शहामृग होते, आणि त्यांच्या अंड्यांची आवड असलेली माणसंही. शहामृगाचं अंडं मापाने जवळपास त्या टायटनोसॉरच्या अंड्याएवढंच भरतं. आणि पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, किंबहुना डायनासोरच, असं आता शास्त्रज्ञ मानतात. गळ्याखालचं दुबेळक्याचं हाड, तीन बोटांचा पाय, पोकळ हाडं, सगळं खानदानी. तेव्हा खानदेशात डायनासोरचं अंडं सापडलं आहे, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. फक्त ते विहिरीत नव्हतं, आणि सरकारने दाबलंही नाही; पुस्तकात छापलं, म्हणून कुणाला कळलं नाही.

हे सगळं मी नवापूरच्या एका पोल्ट्रीवाल्याला सांगत होतो. तो अंड्यांचे ट्रे मोजत होता, त्यामुळे श्रोता म्हणून पक्का होता. पाडल्याच्या परिसरातच टायटनोसॉरचं एक अंड्यात अंडं असलेलं अंडं मिळालं, असं म्हटल्यावर त्याने मान वर केली. मी रंगात येऊन सांगितलं की आधीचं अंडं पोटातच मागे सरकून पुढच्या अंड्यात शिरतं, हा प्रकार पक्ष्यांतच माहीत होता, म्हणून डायनासोर आतून पक्ष्यांसारखे होते याचा हा मोठा पुरावा, आणि २०२२ मध्ये त्यावर जगातल्या नावाजलेल्या नियतकालिकात लेख छापून आला.

"अंड्यात अंडं? त्यावर लेख?" तो म्हणाला. "भाऊ, आमच्याकडं निघतं की अधूनमधून. आम्ही त्याचं आम्लेट करतो."